मांडीवरचा प्रवासी

मुलाला घेऊन परदेशी जायचं, तर पहिली परीक्षा फोटोची. पासपोर्टच्या फोटोत चेहरा सरळ हवा, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि चौकटीत दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. हे सगळं अशा इसमाकडून, ज्याची मान अजून धरलेली नाही! म्हणून खिडकीजवळ पांढरी चादर सुरकुत्या काढून अंथरायची, बाळाला उताणं ठेवायचं, फ्लॅश बंद करायचा आणि आपली सावली पडणार नाही असं वाकून वरून फोटो काढायचा. खुळखुळा भिंगाच्या अगदी वर धरावा. बाजूला धरलात की नजर तिरकी येते. कौतुकाने कुणी हसवायला गेलं, तर त्याला आधी खोलीबाहेर काढा.

तिकिटाचं गणित त्यामानाने सोपं, पण खोचक. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून जातं, मात्र वय मोजतात ते त्या-त्या उड्डाणाच्या दिवशी. सहलीत दुसरा वाढदिवस आला, की जाताना मांडीवर बसलेला इसम येताना स्वतंत्र सीटचा मालक होतो. (त्या सीटवर तो बसेलच असं नाही. तिथे बॅग बसते, तो मांडीवरच.) विमानातला पाळणा मिळतो पुढच्या भिंतीसमोरच्या जागेवर, तोही आधी मागितला तर, आणि बहुतेक ठिकाणी साधारण दहा-अकरा किलो वजनापर्यंतच. सीटचे पट्टे बांधायचा दिवा लागला की मुलाला पाळण्यातून उचलून घ्यावं लागतं. हा दिवा हवेतल्या खळबळीमुळे लागतो असं म्हणतात. माझा वहीम असा, की मुलाचा डोळा लागला की तो लागतो.

सुरक्षा तपासणीत १०० मिलीलिटरचा नियम बाळाच्या दुधाला सहसा लागू नसतो, पण दूध बॅगेतून वेगळं काढून दाखवावं लागतं. तेव्हा ते तळाशी ठेवू नका. बाबागाडी घडी करून तपासणी यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायची असते, म्हणजे झोपलेलं मूल उठणारच. एकाने मूल धरायचं आणि दुसऱ्याने बाकी सगळं करायचं. अर्धं-अर्धं वाटून घेतलंत की पासपोर्ट ट्रेमध्ये राहतो. खरा आकांत मात्र अस्वलाचा. लाडकं खेळण्यातलं अस्वल यंत्राच्या काळ्या झडपांआड गडप होताना पाहिलं, की मूल जो टाहो फोडतं, त्याने रांगेतले सगळे जण बूट घालायचे थांबतात. म्हणून अस्वल सगळ्यात शेवटी ठेवावं आणि लगेच पलीकडे जाऊन उभं राहावं. ताटातूट जितकी लहान, तितका टाहो आखूड.

डायपर उड्डाणाच्या दर तासाला एक, वर उशिरासाठी चार-पाच. विमानाच्या शौचालयात भिंतीवरची फळी कमोडवर उघडते आणि मग बॅग ठेवायला जागाच उरत नाही. त्यामुळे एक डायपर, थोडे ओले वाइप्स आणि एक रिकामी पिशवी अशी पुडकी घरीच बांधून ठेवा. मुलाचे तीन कपडे सगळेच घेतात. आपला एक शर्ट कुणी घेत नाही. उलटी मुलाची, पण मांडी आपली!

आता कान. विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी गिळताना उघडते आणि दाब सारखा होतो. लहान मुलांची ही नळी अरुंद, म्हणून त्यांना जास्त दुखतं. यावर दूध हा उत्तम उपाय, पण ते द्यायचं उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात. आपण ते विमानात चढायच्या आधी, फाटकापाशीच, गप्प बसावं म्हणून पाजून टाकतो, आणि ऐन वेळी भरल्या पोटाचं मूल बाटलीकडे ढुंकूनही पाहत नाही. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून उतरताना झोपलेल्या मुलाला उठवावं, असा सल्ला देतात. सल्ला बरोबर आहे. देणारा शेजारच्या सीटवर नसतो, इतकंच. रडतानाही मूल आवंढे गिळतं. त्याचे कान मोकळे होतात, बाकीच्या विमानाचे बसतात.

पोहोचल्यावर शरीराचं घड्याळ तिथल्या वेळेकडे साधारण दिवसाला एक तास सरकतं. मूल पहाटे तीनला टक्क जागं झालं, तर दिवा मंद ठेवा, भूक असेल तर खायला द्या, पण पडद्यावरचं काही लावू नका. सकाळी उन्हात न्या. दुपारी दीड तासाच्या वर झोपू देऊ नका. मूल उठतं हो. त्याला झोपवता झोपवता आडवा झालेला बाप उठत नाही.