दूरदर्शन चालू आहे, मावशी!

‘सावधान! दूरदर्शन कायमचं बंद. सेटटॉप बॉक्स निकामी होणार. छत्री उतरवा, सीड्या भंगारात द्या, आता सगळं ओटीटीवर कायमचं मिळतं.’ हा मेसेज मी चार ग्रुपांवर न वाचता पुसला. संगमेश्वरच्या मावशीने वाचला, आणि सीड्यांची अख्खी पिशवी भंगारवाल्याला दिली. म्हणून हा खटाटोप.

दूरदर्शन बंद? बंद झाले ते छपरावरच्या काटेरी अँटेनाला सिग्नल देणारे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर. एवढं खरं, ते मान्य. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्येच सांगितलं होतं की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत काढणार. सिलचर आणि कलबुर्गी केंद्रांना टाळं लागणार ही आवई खोटी असल्याचंही त्याच खुलाशात होतं. ट्रान्समीटर गेला म्हणजे वाहिनी गेली, हे कुणी ठरवलं?

सेटटॉप बॉक्स निकामी? तो चालतो दूरदर्शनच्या फ्री डिशवर, म्हणजे उपग्रहावरून थेट छत्रीवर येणाऱ्या वाहिन्यांवर. तिला महिन्याचं भाडं नाही, नेटही लागत नाही. उद्योगांची संघटना फिक्की आणि सल्लागार कंपनी ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालाचा अंदाज फ्री डिशच्या ४ कोटी ९० लाख घरांचा आहे. त्यातलं एक मावशीचं. मेसेज आला तेव्हा तिच्याकडे सह्याद्रीच्या बातम्या चालू होत्या!

‘ओटीटीवर कायमचं’ याला तर हसावं की रडावं? डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन या आपल्या गेमयंत्राच्या गिऱ्हाइकांना कळवलं, तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस काढून टाकतोय. विकत घेतलेले! बोंबाबोंब झाल्यावर निर्णय फिरवला, पण किल्ली कुणाच्या हातात असते ते कळलं.

आता सीड्या. त्या पिशवीत सिनेमे होते, ते गेले तर गेले. पण ताईच्या लग्नाच्या तीन सीड्यांपैकी दोनही होत्या. आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तो कुठल्या ओटीटीवर शोधायचा, हे मेसेज लिहिणाऱ्या शहाण्याने सांगावं. घरी लिहिलेल्या सीड्याही खराब होतात, अमर नसतात, हे कबूल. त्यावर उपाय नक्कल काढण्याचा. संगणकात व्हिडिओ सीडी घातली की ‘एमपीईजीएव्ही’ (MPEGAV) नावाचं फोल्डर दिसतं, त्यातली मोठी डॅट (.DAT) फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकायची. दहा मिनिटांचं काम.

लग्नाची दोन नंबरची सीडी तेवढी भंगारातून वाचली, कारण मावशीने ती पाखरं हाकलायला परसात मिरच्यांवर टांगली होती. ओरखडे भरपूर. चित्र चौकोन चौकोन होऊन अडतं, पण पंगत लागते, आजोबा जिलबीचं ताट घेऊन येतात आणि व्याह्यांना म्हणतात, “अहो, एवढी तर घ्याच!” पुढे चालत नाही.