‘चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही’? मोंढ्यात येऊन बघा

आमच्या लातूरच्या पोरांच्या ग्रुपवर एक वाक्य परत फिरतंय: ‘चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही. लिहावी लागली, म्हणजे कोड कच्चा.’ कॉमेंट म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप; मशीन ती वाचत नाही. सोबत तीन कारणं. मी शेतमाल खरेदीचं सॉफ्टवेअर करतो, तेव्हा मोंढ्यातलंच, म्हणजे शेतमालाच्या बाजारातलंच सांगतो.

‘कोडमधल्या आकड्यांना, कामांना नावं नीट दिली की सगळं कळतं.’ काय चाललंय ते कळतं. का, ते नाही. सोयाबीनच्या तपासणीत ओल १५ टक्क्यांपर्यंत चालेल, अशी ओळ आहे. नाव स्वच्छ, हिशेब बरोबर. पण हमीभाव खरेदीची मूळ मर्यादा १२ टक्के. १५ ही केंद्रानं २०२४-२५च्या खरिपापुरती दिलेली सवलत. पुढच्या हंगामात ही ओळ उघडणाऱ्याला ते कोणतं नाव सांगणार? ‘ओलमर्यादा_खरीप_२०२४_२५_पुरती_नंतर_१२_करा’? ही कॉमेंटच झाली की, नुसती अंडरस्कोअर लावलेली! सात-बारावर क्षेत्र असतं, पीक असतं, तरी जमीन घेणारा ‘इतर हक्क’ आधी बघतो, कारण बोजा तिथं असतो.

‘कोड बदलतो, कॉमेंट जुनीच राहते नि खोटं बोलते.’ खरंय, मीही फसलोय. पण नावं कुठं ताजी राहतात? ‘बारा टक्के तपास’ नावाच्या फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या तुकड्याच्या पोटात १५ बसलेले मी पाहिलेत. कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं हूं की चूं केलं नाही.

‘इतिहास गिटमध्ये असतोच.’ गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही. असतो की: ‘बग फिक्स’, ‘परत बग फिक्स’.

गेल्या वर्षी नव्या पोराला जिल्ह्यांच्या यादीत ‘धाराशिव’ आणि ‘उस्मानाबाद’ दोन्ही दिसले. नाव २०२३ला बदललंय हे त्याला माहीत, म्हणून त्यानं जुनं उडवलं. जुन्या पावत्यांवर मात्र उस्मानाबादच; त्या जुळेनात. दोन दिवस फोन वाजत होते. दोन्ही नावं मीच मुद्दाम ठेवली होती आणि का ते कुठंच लिहिलं नव्हतं. पोराला काय बोलणार?

‘आय एकनं वाढवा’ छापाच्या, कोडची ओळच परत सांगणाऱ्या कॉमेंटी खुशाल खोडा, त्यावर भांडण नाही. यादीवर मात्र आता मराठीतच एक ओळ आहे: ‘जुन्या पावत्यांवर उस्मानाबाद आहे, काढू नका.’ त्याखाली त्या पोरानं स्वतःची भर घातलीय: ‘औरंगाबादचंही तसंच.’