दिवेलागणीची शिकार

आमच्या फोंड्याच्या घरात मांजर कुणी मुद्दाम पाळले असे कधी झाले नाही. ते परसात, माळ्यावर, चुलीच्या उबेला असायचेच, आणि जेवणवेळी माशाच्या तुकड्यासाठी आईच्या पायांत घुटमळायचे. त्यामुळे धाकट्या भावाने पर्वरीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बोका आणला आणि त्याला दाराबाहेर सोडायचे नाही असे ठरवले, तेव्हा घरात वाद पेटला. मांजर म्हणजे पोपट नव्हे, त्याला कोंडणे हे पाप आहे, असे मावशीचे म्हणणे. खाली भरधाव गाड्या, भटके कुत्रे आणि पावसाळ्यात साप असताना त्याला सोडणे हेच पाप, असे भावाचे. मी कॅनबेरात राहते, जिथे हा प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे, म्हणून दोघांनीही निवाडा माझ्याकडे सोपवला.

येथे १ जुलै २०२२ पासून जन्मलेले प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवावे लागते. त्यामागचे कारण ऑस्ट्रेलियाचे आहे: मांजर या खंडात युरोपीय वसाहतीबरोबर आले, आणि इथल्या लहान प्राण्यांना अशा शिकाऱ्याची सवय नव्हती. आपल्याकडे रानमांजर पूर्वापार आहे, त्यामुळे हे कारण जसेच्या तसे गोव्याला लावणे मला पटत नाही. भावाची कारणे मात्र गोव्याचीच आहेत आणि ती खरी आहेत. मला खटकते ते एवढेच की मांजर आत असावे की बाहेर यावर दोघेही भांडतात. पण आत ठेवलेल्या मांजराने दिवसभर करायचे काय, हे कुणीच विचारत नाही.

हा प्रश्न मीही विचारला नव्हता. कॅनबेरातल्या आमच्या बोक्याला खाणे, पाणी, मऊ अंथरूण सारे होते, आणि तरीही तिसऱ्या वर्षी तो जाड झाला, पहाटे ओरडू लागला, नंतर ठरलेली जागा सोडून लघवी करू लागला. एके दिवशी लघवीत रक्त दिसले. तपासणीत खडा किंवा जंतुसंसर्ग सापडला नाही. पशुवैद्यांनी मूत्राशयाला सूज असल्याचे सांगितले आणि कंटाळा व ताण हेही त्याचे कारण असू शकते असे समजावले. (बोक्याची लघवी पूर्ण अडली तर ती तातडीची वेळ असते; सकाळपर्यंत थांबू नये.) औषधाइतकाच त्यांचा भर खेळावर होता.

मांजराचा खेळ म्हणजे शिकारच: दबा धरणे, पाठलाग, झडप, पकड आणि मग खाणे. यातली शेवटची पायरी गाळली की ते चिडचिडे होते, म्हणून भिंतीवर नाचवलेला लेझरचा ठिपका एकटा पुरत नाही. त्याला काहीच पकडता येत नाही. काठीला बांधलेले पीस सरपटत त्याच्यापासून दूर न्यावे, कपाटाआड दडवावे, अधूनमधून पकडू द्यावे, आणि शेवटी रोजच्याच खाण्यातला वाटा पुढे ठेवावा. दहा मिनिटांच्या दोन-तीन खेपा एका तासाच्या दंग्यापेक्षा बऱ्या, कारण मांजर लांब पळणारे नव्हे, झेपावणारे जनावर आहे. तेच खेळणे रोज दिले तर त्याला ते मेलेले वाटते, म्हणून खेळणी आलटून पालटून काढावीत. दोरा किंवा लोकर मात्र खेळ संपताच कुलपात ठेवावी. गिळलेला दोरा आतडे कापू शकतो.

भावाचा बोका पोटऱ्यांवर झडप घालतो आणि रात्री घर डोक्यावर घेतो, याला भाऊ खोडसाळपणा म्हणत होता. घरात हलणारी एकच गोष्ट त्याचे पाय असतील, तर बोक्याने दुसरे काय धरावे? आणि मावशीलाही मला हेच सांगायचे आहे, कारण तिच्या मोकळ्या मांजराने आणलेली दयाळाची पिल्ले मी लहानपणी उचलली आहेत. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांना २०२१ साली असे आढळले की बाहेर फिरणाऱ्या मांजरांना रोज ५ ते १० मिनिटे खेळवले, तर घरी येणारी शिकार सुमारे २५ टक्क्यांनी घटते. तेव्हा खेळवणे तिलाही चुकत नाही.

मावशीचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला आहे: ऊन, वारा आणि पावसाच्या मातीचा वास खेळण्यातून देता येत नाही. इथे लोक अंगणात जाळीचे बंदिस्त मांडव उभारतात. पर्वरीत गॅलरीला जाळी लावली तरी पुरे. इमारतीची शोभा बिघडते म्हणून सोसायटीने भावाला अजून परवानगी दिलेली नाही, आणि ती त्याने पुन्हा मागावी असा माझा आग्रह आहे. दरम्यान मावशीने फोंड्याहून माडाच्या हिरांची जुडी आणि कोंबडीची पिसे पाठवली आहेत, आणि निरोप दिला आहे की बोक्याला रोज दिवेलागणीला खेळवावे, कारण तिची मांजरे त्याच वेळी परसात उतरतात.