नदी कोणी भरली, ते आधी विचारा

आज दुपारी जेवणाच्या ताटावर एकाने ठणकावून सांगितलं, "या जजांनी विकासात नाक खुपसू नये. एका सहीत हजारोंच्या पोटावर पाय!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. पण सॅक्रामेंटोत राहून हे बोलायचं? लोरेन्झो सॉयर नावाचा जज इथे होऊन गेलाय, माहितीये का कोणाला?

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना मेरिसव्हिलला नेलं होतं. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. बांधावर चढले, युबा नदीकडे पाहिलं, मग वळून खाली गावाकडे पाहिलं. "एवढा उंच बांध? ही नदी भरली कोणी?"

सोनेवाल्यांनी भरली, बाबा. वरून पाणी आणायचं, नळातून दाबाने सोडायचं आणि तोफेसारख्या नोझलने आख्खा डोंगर धुऊन काढायचा. सोनं चिमूटभर, बाकी सगळा गाळ नदीत. युबाचं पात्र गावातल्या रस्त्यांच्या वर गेलं. १८७५ च्या पुरात मेरिसव्हिल चिखलात बुडालं, काठची शेतं रेतीखाली गेली. त्या शेतकऱ्यांच्या पोटाचं काय? त्यांचं नाव कोणी घेत नाही, याचाच संताप येतो.

वुडरफ नावाच्या तिथल्या जमीनमालकाने नॉर्थ ब्लूमफिल्ड या खाण कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणे, ही पहिल्यापासूनची वहिवाट आहे. ७ जानेवारी १८८४ ला सॉयरने २२५ पानी निकाल दिला. दुसऱ्याच्या जमिनीवर गाळ ओतायचा हक्क कुठल्याच वहिवाटीने मिळत नाही. कायमची मनाई!

खाणीतलं त्याला काय कळतं, असं तर म्हणूच नका. न्यूयॉर्क राज्यात १८२० चा जन्म, १८५० मध्ये सोन्यासाठी उसळलेल्या गर्दीतच कॅलिफोर्नियात आला, स्वतः खाणीत राबला. इथल्याच नेवाडा सिटी गावात वकिली केली, म्हणजे खाणवाल्यांच्या अंगणातच. पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा चीफ जस्टिस, आणि १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी नेमलेला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, सर्किट कोर्टाचा जज. ज्यांच्यात वाढला त्यांच्याविरुद्ध निकाल लिहिताना हात कसा जड झाला असेल!

हो, कामगारांची कामं गेली, खोटं कशाला बोलू. रेल्वे कंपन्यांच्या बाजूनेही त्याने निकाल दिलेत, तेही मान्य.

पण १८९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने चिनी लोकांना राहत्या वस्तीतून उठवून शहराने ठरवलेल्या एका कोपऱ्यात जायचा हुकूम काढला, तेव्हा तोही याच माणसाने रद्द केला. पुढच्याच वर्षी तो वारला. बाहेरून येऊन इथे घरं केलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून काहीतरी वाटायला हवं. मला वाटतं, खूप वाटतं.

बांधावरून उतरताना बाबांनी विचारलं होतं, "मग खाणी कायमच्या बंद?" नाही. १८९३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला: गाळ तुमचा तुम्ही अडवा आणि खुशाल खणा. धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. गाळाचा खर्च स्वतःच्या खिशातून करायची वेळ आली आणि हिशोब जुळेना. बाबा हसले. म्हणाले, "खात्यात आम्हीही असले हिशोब पाहिलेत."

आज मान डोलावणाऱ्यांनो, धुतलेला तो डोंगर मॅलाकॉफ डिगिन्सला, त्या कंपनीच्या जुन्या खाणीवर, आजही उघडा उभा आहे. येत्या रविवारी मी जातोय. गाडीत जागा आहे.