मी जंगल होते (आणि माझी फसवणूक झाली)

आज एका ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलं, "एन्ट म्हणजे काय, ग्रूटचीच कॉपी." (एन्ट म्हणजे इंग्रज लेखक टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली चालती-बोलती झाडं; ग्रूट म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक-सिनेमांतला झाडमाणूस.) खाली हसऱ्या तोंडांची रांग. एकालाही उलट बोलावंसं वाटलं नाही!

अरे, एन्ट ज्यात येतात तो त्या कादंबरीचा भाग, 'द टू टॉवर्स', १९५४ चा. ग्रूट कॉमिकमध्ये उगवला १९६० साली, आणि तेव्हा तो गोड-बिड नव्हता. माणसांना पकडून न्यायला आलेला परग्रहावरचा राक्षस होता. त्याला हरवलं कुणी? वाळवीने. पण कोण आधी, कोण नंतर, हे सोडा. माझा राग जुना आहे.

शाळेच्या नाटकात आम्ही शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा शेवट करणार होतो. बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत राजाला कुणी हरवू शकत नाही, असं भाकीत असतं ना, तो भाग. मला सांगितलं, "तू जंगल." आठवडाभर मी हवेत. मुळं कशी उपसायची, पाऊल किती जड पडेल, सगळं आरशासमोर करून पाहिलं. मग तालमीत हातात एक फांदी दिली. झाडं चालतच नाहीत म्हणे! शिपाई फांद्या तोडतात आणि आडोसा म्हणून समोर धरतात. एवढंच? एवढ्यासाठी एवढं भाकीत?

पुढे कधीतरी कळलं की टॉल्किनही शाळकरी वयापासून याच जागी चिडून बसला होता. ऑडेन या कवीला १९५५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने ते कबूलच केलंय: झाडं खरोखरच लढाईला निघतील अशी गोष्ट त्याला हवी होती. वाचून मी एकटीच मोठ्याने "बरोबर!" म्हणाले होते.

आणि नाव कुठून उचललं पाहा. 'एन्ट' म्हणजे जुन्या इंग्रजीत राक्षस, महाकाय. त्या काळचे कवी ओस पडलेले दगडी अवशेष पाहून म्हणायचे, हे एन्टांचं काम. दगड रचणाऱ्यांचं नाव टॉल्किनने झाडांना दिलं आणि त्यांच्याच हातून आयझेनगार्डचे, म्हणजे जंगल तोडणाऱ्या जादूगाराच्या किल्ल्याचे, दगडी तट फोडून घेतले. हे सुचायला किती मुरलेला राग लागत असेल!

हो, मान्य, झाडात जीव पाहणं टॉल्किनपासून सुरू झालं नाही. ग्रीकांच्या हमाड्रायड होत्याच, झाड पडलं की त्याही मरायच्या. पण त्या झाडातल्या बायका. एन्ट आतूनबाहेरून झाडच. घाई हा त्याच्याकडे दुर्गुण. लढायचं की नाही हे ठरवायला त्यांची सभा तिसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि आपल्याला ती पानं उलटायची घाई! हल्ली गेममध्ये जो तो 'ट्रीअंट' नावाचा झाड-राक्षस येतो, दोन फटके मारतो, पडतो. ('डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात तेही आधी एन्टच होते, कायद्याची कटकट झाली म्हणून नाव बदललं.) साल चिकटवलेला पैलवान नुसता.

ठीक आहे, २०१४ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' सिनेमात ग्रूट सोबत्यांना वाचवायला फांद्यांच्या गोळ्यात घेतो तेव्हा मी रडले होते. झालं समाधान?

लिहिता लिहिता राग उतरला बहुतेक. कारण आत्ता ते नाटक आठवताना पहिल्यांदाच डोक्यात आलं की शेक्सपिअरचं जंगल हलतं ते तोडलं जातं म्हणून. टॉल्किनचं हलतं तेही तोडलं जातं म्हणूनच. फरक एवढाच की एकात फांद्या माणसांच्या हातात आहेत.

माझ्या हातातली खरी होती. त्याच दुपारी कुणीतरी मागच्या झाडाची मोडून आणली होती. पडदा पडेपर्यंत पानं माना टाकून बसली. मी रुसून ती विंगेत फेकली, घरी गेले, आणि तळव्याला लागलेला चीक दोन दिवस निघत नव्हता.