दहातला एक

ऑक्टोबर २०२५मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या क्राउन कोर्टात 'सोल्जर एफ' हा खुनाचा आरोप असलेला माजी ब्रिटिश सैनिक निर्दोष सुटला. कोर्ट माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, पण बातमी मला नागपूरच्या धंतोलीतून कळली. शाळेच्या ग्रुपवर मित्राने लिंक टाकली होती, खाली शेरा : "पाह्य ना बे, सुटला ना बुढा! पन्नास वर्षांनी सैनिकाले काऊन कोर्टात ओढून रायले?"

खटला होता तो जुन्या गोळीबाराचा. ३० जानेवारी १९७२ला उत्तर आयर्लंडच्याच डेरी शहरात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा जण मेले, चौदावा पुढे गेला. पहिल्या चौकशीने काही आठवड्यांतच सैनिकांना जवळपास मोकळे केले. दुसरी १९९८ला बसली आणि २०१०ला म्हणाली की मेलेल्यांपैकी कोणापासूनही धोका नव्हता. मग पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सोल्जर एफच्या न्यायाधीशांनीही सैनिकांची शिस्त पूर्ण सुटली होती असे म्हटलेच. या एका माणसावर आरोप सिद्ध होईल इतका पुरावा मात्र उरला नव्हता.

मित्राकडे आकडेही होते. उत्तर आयर्लंडच्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांवर माणसे मेली. सुमारे साठ टक्के आयआरए (ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक करायला निघालेली सशस्त्र संघटना) आणि त्यांच्या भाऊबंदांनी मारली, तीस टक्के ब्रिटनशीच राहू पाहणाऱ्या लॉयलिस्ट टोळ्यांनी, दहा टक्के फौज-पोलिसांनी. "म्हंजे दहातला एक. मग त्या एकामागंच कायले लागता?"

आकडे बरोबर आहेत, आणि प्रश्नही पोकळ नाही. माझ्या टीममधल्या एका बाईंचा काका पोलिसात होता, आयआरएने मारला. असे सुमारे तीनशे पोलीस गेले. सैन्याच्या निदान फायली असतात; टोळीचे दप्तर कुठून उघडायचे? रेडिओवर सैनिकांच्या चौकशीचे सुरू झाले की त्या रेडिओ बंद करतात. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. मी चहा करतो.

माझी अडचण त्या टक्क्यांच्या खान्यांची आहे. पॅट फिनुकेन या वकिलाला फेब्रुवारी १९८९मध्ये घरात घुसून, बायकामुलांसमोर मारले. मारणारे यूडीए या लॉयलिस्ट टोळीचे, म्हणजे हिशेबात तो तीस टक्क्यांत. पण २०१२च्या डी सिल्व्हा अहवालात निघाले की सरकारी नोकरीतल्या माणसांनी या खुनाला हातभार लावला होता. (वरून आखलेला मोठा कट नव्हता, हेही त्याच अहवालात आहे, मित्र तेवढेच वाचेल म्हणून मीच सांगून टाकतो.) त्याआधी डिसेंबर १९७१मध्ये बेलफास्टच्या मॅकगर्क्स बारमध्ये पंधरा जण गेले. बॉम्ब यूव्हीएफ या दुसऱ्या लॉयलिस्ट टोळीचा. पोलिसांनी मात्र उठवले की आतल्याच कोणाचा बॉम्ब हातात फुटला. मेलेल्यांवरच आळ! घरच्यांची चाळीस वर्षे तो पुसण्यात गेली. हे कोणत्या टक्क्यात मांडायचे? टोळीवाला गुन्हेगार आहेच, त्याला कोणी सूट मागत नाही. पण माझ्या करातून पगार घेणारा, माझ्या नावाने बंदूक धरणारा दहातला एक असला, तरी त्याचा जाब मी नाही मागायचा तर कोणी?

डिसेंबरात नागपूरला गेलो. परतताना मित्रच विमानतळावर सोडायला निघाला आणि सीताबर्डीला गाडी उड्डाणपुलावर चढली. आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन, अनुसूचित जमातीत घ्या म्हणून आलेला गोवारींचा मोर्चा, लाठीमार, चेंगराचेंगरी, ११४ मृत्यू, त्यात बाया आणि लेकरेच जास्त. आम्ही दोघे तेव्हा नववीत होतो. पुढे दाणी आयोगाने कोणालाच दोषी धरले नाही. इथे ना आयआरए होती, ना यूडीए.

मी विचारले, "हे एकशे चौदा कोणाच्या खात्यात टाकतं बे?"

"ते चेंगराचेंगरीत गेले ना," तो म्हणाला. पूल उतरेपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, "थांब, मले गाडी चालवू दे."