एक शेड लाइट

आज संध्याकाळी भाचीला घेऊन मॉलमध्ये गेले होते. सोमवारपासून तिची पहिली नोकरी, हिंजवडीला. आईवडील सांगलीला, त्यामुळे फाउंडेशन, काजळ आणि एक बरी लिपस्टिक एवढी खरेदी मावशीच्या वाट्याला आली. हौसेनं गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं भाचीच्या हाताच्या पाठीवर फाउंडेशनचा एक पट्टा ओढला आणि मला म्हणाली, "मॅम, हिला एक शेड लाइटच घेऊ या. स्किन डस्की आहे ना, ऑफिसमध्ये फ्रेश दिसेल."

हिला! पोरगी समोर उभी आहे, बावीस वर्षांची, इंजिनिअर झालेली, आणि तिच्या चेहऱ्याचा सौदा माझ्याशी चाललाय. भाची काही बोलली नाही. हात मागे घेतला आणि ओढणीच्या टोकानं तो पट्टा पुसून टाकला. ते तिचं गुपचूप हात मागे घेणं काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर गौरीहराचा फोटो आहे. 2001 साल, सांगली, मे महिना. त्या फोटोत माझा चेहरा राखेच्या रंगाचा आहे. मान तपकिरी, चुडा भरलेले हात तपकिरी, मध्ये हा चेहरा. पार्लरवाल्या ताईंनी पहाटे साडेपाचला पुटांवर पुटं चढवली होती आणि आई शेजारी उभी राहून "अजून थोडं उजळ करा हो" म्हणत होती. आईवर माझा राग नाही. तिला माझ्या रंगावरून तीन स्थळांचे नकार ऐकावे लागले होते.

मुहूर्ताला अर्धा तास असताना आत्या खोलीत आली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा चेहरा आपल्या घरातला नाही गं." दार लावलं, खोबरेल तेलाची बाटली काढली आणि जुन्या मलमलच्या धोतराच्या तुकड्यानं सगळं पुसून काढलं. पुढचं सांगते, आधी आजचा राग संपवू दे.

फाउंडेशन हाताच्या पाठीवर बघतातच कशाला? हात उन्हात रापलेले असतात, चेहऱ्याचा रंग वेगळा असतो. फाउंडेशन बघायचं ते जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते तिथे. दोन-तीन शेडचे बारीक पट्टे शेजारी शेजारी ओढायचे, मग दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात आरसा धरायचा. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबायचंही, कारण बरीच फाउंडेशनं चेहऱ्यावरच्या तेलात मिसळली की गडद होतात. जो पट्टा शोधूनही सापडत नाही तो आपला. एवढी साधी गोष्ट काउंटरवर उभ्या केलेल्या मुलीला कुणी शिकवत नाही? शिकवतात बहुतेक. त्याच्या आधी "एक शेड लाइट" शिकवतात.

आणि हे "उजळ" प्रकरण दिसतं तरी कसं? फाउंडेशनमध्ये पांढरेपणाला टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि रंग येतो पिवळ्या, तांबड्या, काळ्या आयर्न ऑक्साइडमधून. सावळ्या कातडीवर पांढरं जास्त आणि पिवळं-तांबडं कमी असलेलं मिश्रण पडलं की ती गोरी दिसत नाही, राखाडी दिसते. माझा गौरीहराचा फोटो म्हणजे नेमकं हेच. वर कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की पांढऱ्या पावडरीचा थर आणखी चमकतो. आपल्याकडे बहुतेकींच्या कातडीत पिवळसर, सोनेरी किंवा हिरवट झाक असते. तिच्यावर गुलाबी झाकेचं फाउंडेशन थापलं की चेहरा आजारी दिसतो. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, त्यावरून झाक ओळखा असं सांगतात. सावळ्या मनगटावर शिरा धड दिसतच नाहीत, म्हणून मला जबड्यावरचा पट्टाच खरा वाटतो.

मान्य करते, त्या मुलीची चूक कमी आहे. दिवसभर उभी असते, डोक्यावर टार्गेट असतं. आणि कुणाला स्वतःच्या आनंदानं चेहरा उजळ करायचा असेल तर तिचा चेहरा तिचा आहे. झालं, मान्य केलं. पण आमच्या पोरीनं मागितलं होतं का?

पूर्वी दुकानांत आपल्या रंगाच्या शेडच नसायच्या, हेही खरं. 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली, देशातल्या बायकांना देशातच बनलेली प्रसाधनं मिळावीत म्हणून. तरी माझ्या तरुणपणी सांगलीच्या दुकानात फाउंडेशन म्हणजे तीन बाटल्या, तिन्ही माझ्याहून गोऱ्या. 2017 मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटी या ब्रँडनं पहिल्याच दिवशी 40 शेड आणल्या, त्यानंतर बाकीच्यांनाही गडद शेड वाढवाव्या लागल्या. आज भारतीय कंपन्यांकडेही गव्हाळ, सावळ्या, काळ्या कातडीच्या शेड आहेत. त्या काउंटरवरही होत्या! मागच्या रांगेत. मी स्वतः बोट दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ती खूप डार्क होईल मॅम." लावून तरी बघायची होती.

चहा करून आले. राग थोडा उतरलाय, पण पुढचं जे लिहायचंय त्यानं पुन्हा चढेल.

हीच "उजळ" हाव मेडिकल दुकानापर्यंत जाते. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या निम्म्याजणींच्या घरात ती छोटी ट्यूब असेल. खाजेवरची, डागांवरची, कुणीतरी सांगितलेली. मागे बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. आठवड्याभरात चेहरा उजळतो, पाहुण्यांत कौतुक होतं. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुळ्या येतात, गालावर लव वाढते आणि ट्यूब बंद केली की चेहरा लालभडक होतो. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत. आणि लेबल नसलेल्या गोरेपणाच्या डब्यांत पारा सापडलाय. पारा कातडीतलं मेलॅनिन तयार होऊ देत नाही म्हणून रंग उतरतो, पण तोच पारा मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये अशी क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनीच समोर आणलं. कायद्यानं क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, तरी विकला जातो. म्हणून डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी आणि वापरण्याची शेवटची तारीख नसेल, तर सख्ख्या जावेनं आणून दिला तरी तो कचऱ्यात टाका.

"फेअर" शब्द 2020 मध्ये एका मोठ्या क्रीमच्या नावातून गेला. बरं झालं. काउंटरवरून कधी जाणार?

आत्याकडे परत येते. आत्या तासगावकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, माझ्याहून दोन छटा काळी. तिच्या कपाळावर बरोब्बर टिकलीएवढा पांढरा डाग होता. वर्षानुवर्षं चिकटणारी टिकली लावून झालेला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं कातडीतला रंगच मेला. त्या रसायनाचं नाव, पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल, मला खूप उशिरा कळलं. आत्यानं टिकली सोडली आणि मेणावर कुंकू लावायला लागली. तेही सगळ्यांना मानवतं असं नाही, कुंकवातल्या रंगांनीही खाज उठते. टिकलीखाली खाज येत असेल किंवा कातडी फिकट पडायला लागली असेल तर त्याच दिवशी थांबा, "सवय आहे गं" म्हणू नका. आणि नवीन काहीही घेतलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. आत्याला हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

तर त्या बाईनं, जिच्या कपाळावरचा रंग असा गेला होता, माझा रंग मला परत दिला. चेहरा तेलानं पुसला, ओल्या पंच्यानं टिपला, कोल्ड क्रीमचं एक बोट चोळलं. डोळ्यांत काजळ, ओठांवर तिच्या पर्समधली विटकरी लिपस्टिक. तीच लिपस्टिक बोटाच्या टोकानं गालावर जराशी. कपाळावर कुंकू. दहा मिनिटं. अंतरपाट बाजूला झाला तेव्हाचा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. त्यात मी आहे.

रोजच्या मेकअपला अजूनही मला याहून फार लागत नाही आणि भाचीलाही तेच शिकवलं. आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, चेहरा-मानेला मिळून दोन बोटांवर भरेल एवढं. सनस्क्रीन कातडीत बसेपर्यंत डबा भरायचा. फाउंडेशन सगळीकडे नको. नाकाच्या कडेला, हनुवटीवर, जिथे रंग असमान दिसतो तिथेच, ओल्या पिळलेल्या स्पंजनं थापटून. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर फिकट कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) लावला की तो पुन्हा राखाडीच दिसतो, त्याआधी नारिंगी झाकेचा करेक्टर मुगाच्या दाण्याएवढा लावायचा. निळसर काळपटपणा नारिंगीनं मरतो. पावडर फक्त कपाळ आणि नाकावर. काजळ पसरत असेल तर खालच्या पापणीखाली थोडी पावडर टिपून ठेवायची. लिपस्टिक मरून, विटकरी, जांभळट, चॉकलेटी. फिकट गुलाबी न्यूड आपल्यावर ओठ नसल्यासारखी दिसते. (हे माझं मत, भांडायला या.) मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकायचा, कितीही महाग असला तरी, आणि काजळ बहिणीशीसुद्धा वाटून घ्यायचं नाही, डोळ्यांचे संसर्ग असेच पसरतात. रात्री कितीही दमलं तरी चेहरा धुऊन झोपायचं.

मॉलमधून काही न घेता निघालो. भाची रिक्षात म्हणाली, "मावशी, तू उगाच वाद घातलास." थोड्या वेळानं म्हणाली, "कॉलेजच्या गॅदरिंगला पण मला असंच केलं होतं. मी फोटोच ठेवले नाहीत." चार वर्षं झाली त्याला आणि मला आज कळतंय. माझा राग तिथेच संपला, नुसतं वाईट वाटायला लागलं. 2001 मध्ये आत्या होती म्हणून मला एक तरी फोटो मिळाला. हिच्या गॅदरिंगला खोलीचं दार लावून घेणारं कुणी नव्हतं.

रिक्षा तुळशीबागेकडे वळवली. तिथे नकली मालही मिळतो, ठाऊक आहे, म्हणून ओळखीच्या जुन्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी तीन शेडचे टेस्टर काढले, हातात आरसा दिला आणि म्हणाले, "ताई, बाहेर जाऊन बघा, अजून उजेड आहे." मी गल्लीत आरसा धरून उभी, भाची मान तिरकी करून जबड्याकडे बघतेय, येणारे-जाणारे वळून बघताहेत. मधला पट्टा दिसेनासा झाला. तिनं आरसा माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग विटकरी लिपस्टिक तिनंच उचलली. आत्याची गोष्ट तिला मी तोवर सांगितलेली नव्हती.

घरी आल्यावर सांगितली. आत्ता ती बैठकीच्या खोलीत त्या फोटोपुढे उभी राहून मोबाईलमध्ये फोटोचा फोटो काढतेय. सोमवारी सकाळी आठला तिची बस आहे. साडेसहाला उठवणार आहे तिला, खिडकीपाशी उजेडात खुर्ची आत्ताच ठेवून दिली आहे.